कॅन्सरचे रुग्ण वाढले की मृत्यू घटले? आकडे वाचताना पडणारे प्रश्न

कॅन्सरच्या राष्ट्रीय आकडेवारीबद्दल वाचकांनी विचारलेल्या निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत. एका रुग्णाच्या मुलीचे पत्रही त्यात आहे. त्याचे उत्तर आकडेमोडीच्या पलीकडचे असल्यामुळे ते जरा सविस्तर दिले आहे.

प्रश्न: एका बातमीत ‘कॅन्सरचे रुग्ण झपाट्याने वाढले’ असे वाचले आणि त्याच आठवड्यात दुसरीकडे ‘कॅन्सरचा मृत्युदर घटला’ असे वाचले. यातले खरे काय मानायचे?

बहुधा दोन्ही खरे असते. पहिली बातमी माणसे मोजते, दुसरी दर मोजते. अमेरिकेचे उदाहरण घ्या. तिथे १९९१ साली कॅन्सरने सुमारे ५ लाख १५ हजार माणसे दगावली, २०२२ मध्ये सुमारे ६ लाख ८ हजार. माणसे मोजली तर मृत्यू वाढले. पण याच काळात वयाचा परिणाम वजा करून काढलेला मृत्युदर ३४ टक्क्यांनी खाली आला. लोकसंख्या वाढली, लोक जास्त जगू लागले आणि कॅन्सर हा मुख्यतः उतारवयातला आजार असल्यामुळे आकडा फुगला. एकेका वयोगटातला धोका मात्र कमी झाला.

‘वयाचा परिणाम वजा करणे’ म्हणजे काय, हे एकदा कागदावर मांडून पाहिले की कायमचे समजते. समजा दोन प्रदेश आहेत आणि प्रत्येकाची लोकसंख्या १ लाख आहे. दोन्हीकडे कॅन्सरचा धोका अगदी सारखा आहे: वर्षाला दर लाखामागे ४० वर्षांखालच्यांत २०, ४० ते ६४ या वयात २०० आणि ६५ च्या पुढे १००० नवे रुग्ण. पहिला प्रदेश तरुण आहे. तिथे या तीन गटांत अनुक्रमे ६५ हजार, २८ हजार आणि ७ हजार माणसे आहेत. रुग्ण किती? १३ अधिक ५६ अधिक ७०, म्हणजे १३९. दुसरा प्रदेश वयस्क आहे. तिथे ४५ हजार, ३३ हजार आणि २२ हजार माणसे आहेत. तिथले रुग्ण ९ अधिक ६६ अधिक २२०, म्हणजे २९५. धोका सारखा असूनही आकडा दुपटीहून मोठा.

म्हणून दोन्हीकडचे दर एकाच ठरवलेल्या लोकसंख्येला लावतात. जागतिक तुलनेत वापरल्या जाणाऱ्या प्रमाण लोकसंख्येत १०० पैकी ६८ जण चाळिशीच्या आतले, २५ जण ४० ते ६४ चे आणि ७ जण ६५ च्या पुढचे धरलेले असतात. त्या हिशेबाने दोन्ही प्रदेशांचा दर १३३.६ येतो. यालाच वयसमायोजित दर म्हणतात. प्रत्यक्षात तीन नव्हे, पाच-पाच वर्षांचे १८ गट धरतात, पण रीत हीच.

इथे एक चूक नेहमी होते. अमेरिका स्वतःचे दर काढताना स्वतःचीच २००० सालची लोकसंख्या मापदंड म्हणून वापरते. ती जागतिक मापदंडापेक्षा वयस्क आहे, त्यामुळे त्याच लोकांचा दर मोठा दिसतो. वरच्या उदाहरणात दुसऱ्या प्रदेशाची रचना मापदंड धरली असती, तर दोन्हीकडचा दर १३३.६ ऐवजी २९५ आला असता. तेव्हा दोन देशांचे दर शेजारी ठेवण्याआधी तळटीप वाचा. मापदंड वेगळे असतील तर ती तुलना करू नका.

प्रश्न: मृत्युदर घटला याचे श्रेय नव्या औषधांना द्यायचे का?

काही कॅन्सरमध्ये निःसंशय. सिस्प्लॅटिन या औषधाला १९७८ मध्ये मान्यता मिळाल्यानंतर वृषणाच्या कॅन्सरचे रूपच पालटले. १९६०च्या दशकात लहान मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातून (हा रक्ताचा कॅन्सर) शंभरात दहा मुलेही पाच वर्षे जगत नसत. उत्तम उपचार मिळतात तिथे आज सुमारे नव्वद जगतात. २००१ मध्ये इमॅटिनिब हे औषध आले आणि एका प्रकारचा ल्युकेमिया रोजच्या गोळीवर ताब्यात राहू लागला.

पण एकूण घसरणीतला मोठा वाटा तंबाखू सुटल्याचा आहे. धूम्रपान कमी झाल्यावर फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू लगेच घटत नाहीत, त्याला दोन-तीन दशके लागतात. अमेरिकेत पुरुषांमधला हा मृत्युदर १९९०च्या आसपास शिखरावर पोहोचून उतरू लागला. स्त्रियांनी सिगारेट उशिरा धरली, म्हणून त्यांचे शिखरही उशिरा आले. आजचा मृत्युदर हा बराचसा वीस-तीस वर्षांपूर्वीच्या सवयींचा हिशेब असतो. एखाद्या सरकारने या वर्षी केलेल्या कामाचे प्रगतिपुस्तक म्हणून तो वाचू नये.

लसींचे यशही याच रांगेतले आहे. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना हिपॅटायटिस बी या यकृताला बाधणाऱ्या विषाणूची लस देणे सुरू केले आणि पुढे मुलांमधला यकृताचा कॅन्सर घटला. इंग्लंडमध्ये २००८ पासून मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूची लस दिली जाते. ज्यांना ती १२-१३ व्या वर्षी देऊ केली गेली, त्यांच्यात गर्भाशयमुखाचा कॅन्सर ८७ टक्क्यांनी कमी आढळला. हा आकडा घराघरांत पोहोचायला हवा असे आम्हाला मनापासून वाटते.

प्रश्न: आईच्या रिपोर्टनंतर इंटरनेटवर शोधले तर ‘पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ४० टक्के’ असे दिसले. तेव्हापासून घरात कोणाला झोप नाही. याचा अर्थ नेमका काय?

हा आकडा तुमच्या आईचा नाही, हे सर्वांत आधी सांगतो. तो त्या कॅन्सरच्या हजारो रुग्णांचा एकत्र आकडा आहे. त्यांत पहिल्या टप्प्यातले आहेत आणि चौथ्या टप्प्यातलेही, चाळिशीतले आहेत आणि पंच्याऐंशीचेही, पूर्ण उपचार घेतलेले आहेत आणि अर्धवट सोडलेलेही. शिवाय तो मागचा आकडा असतो. पाच वर्षांचे चित्र कळायला पाच वर्षे जावी लागतात, म्हणून आज छापला जाणारा आकडा बऱ्याच वर्षांपूर्वी निदान झालेल्यांचा असतो. २०२५च्या अमेरिकी अहवालात सर्व कॅन्सर मिळून ६९ टक्के हे प्रमाण दिले होते, ते २०१४ ते २०२० या काळात निदान झालेल्यांचे. त्यानंतर आलेल्या औषधांचा फायदा त्यात धरलेला नाही.

दुसरे, हे प्रमाण बहुधा ‘सापेक्ष’ असते. समजा एका गटातले ६० टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात आहेत. त्याच वयाच्या, कॅन्सर नसलेल्या माणसांतही पाच वर्षांनी ८० टक्केच हयात असतात. मग सापेक्ष प्रमाण ६० भागिले ८०, म्हणजे ७५ टक्के. हृदयविकार, अपघात अशा इतर कारणांचे मृत्यू अशा रीतीने बाजूला काढले जातात.

तिसरी गोष्ट तुमच्या घरासाठी सर्वांत उपयोगाची आहे. हा आकडा निदानाच्या दिवसापासून मोजलेला असतो आणि दिवस जातील तसा तो बदलतो. पुष्कळ कॅन्सरमध्ये सुरुवातीचे वर्ष सर्वांत अवघड असते. समजा १०० रुग्णांपैकी वर्षाअखेर ५० उरले आणि पाच वर्षांनी ४०. निदानाच्या दिवशी प्रमाण ४० टक्के होते. पण पहिले वर्ष पार केलेल्यांपैकी पाचव्या वर्षापर्यंत पोहोचणारे ५० पैकी ४०, म्हणजे ८० टक्के.

डॉक्टरांना ‘किती टक्के?’ एवढेच विचारू नका. टप्पा कोणता, बायोप्सीत नेमका उपप्रकार कोणता आला, त्याला लागू पडणारे औषध आहे का, उपचार बरे करण्यासाठी आहेत की आजार ताब्यात ठेवण्यासाठी, आणि आईच्या वयाच्या व तब्येतीच्या रुग्णांत अनुभव काय आहे, हे विचारा. प्रश्न लिहून न्या आणि उत्तरेही लिहून घ्या. त्या वेळी मन थाऱ्यावर नसते, घरी आल्यावर निम्मे आठवत नाही.

पाच वर्षे म्हणजे ‘बरा झाला’ असेही समजू नका. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये पाच वर्षांनंतर आजार उलटणे विरळ असते. पण संप्रेरकांना प्रतिसाद देणारा स्तनाचा कॅन्सर दहा-पंधरा वर्षांनीही परत येऊ शकतो. म्हणून ठरलेल्या तपासण्या चालू ठेवाव्या लागतात.

प्रश्न: लवकर निदान झाले की जगण्याचे प्रमाण वाढते. मग सगळ्यांच्या सगळ्या तपासण्या का करू नयेत?

कारण जगण्याचे प्रमाण वाढले म्हणजे आयुष्य वाढले असे नाही. हे आधी पटत नाही, पण उदाहरण पाहा. एका माणसाला ६७ व्या वर्षी त्रास सुरू झाला, निदान झाले आणि ७० व्या वर्षी तो गेला. निदानानंतर तो तीन वर्षे जगला. त्याच माणसाची तपासणी ६० व्या वर्षी झाली, निदान तेव्हाच झाले, पण उपचारांनी काही फरक पडला नाही आणि तो ७० व्याच वर्षी गेला. आता तो निदानानंतर दहा वर्षे जगला, म्हणून ‘पाच वर्षे जगलेल्यां’त मोजला गेला. मृत्यूची तारीख जागची हलली नाही. आजारी म्हणून जगण्याची वर्षे मात्र सात वाढली.

याहून अवघड भाग अतिनिदानाचा. काही गाठी सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरच दिसतात, पण इतक्या संथ असतात की जन्मात कधी त्रास दिला नसता. समजा ५०० खरे रुग्ण आहेत आणि पाच वर्षांनी त्यांतले २०० हयात आहेत: ४० टक्के. तपासण्या वाढवल्या आणि अशा निरुपद्रवी गाठींचे आणखी ५०० जण सापडले. ते सगळेच जगणार. आता १००० पैकी ७०० हयात: ७० टक्के. अहवालात प्रगती दिसते, पण मेलेले आधीही ३००, आताही ३००.

दक्षिण कोरियात हे प्रत्यक्ष घडले. १९९९ मध्ये तिथे राष्ट्रीय तपासणी कार्यक्रम सुरू झाला. त्यात थायरॉइडची तपासणी नव्हती, पण दवाखाने थोड्या जादा पैशांत मानेची सोनोग्राफीही करून देऊ लागले. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचा दर १९९३च्या पंधरापट झाला. त्या एका वर्षात ४० हजारांहून जास्त लोकांना ‘तुम्हाला कॅन्सर आहे’ असे सांगितले गेले. या कॅन्सरचे वर्षाचे मृत्यू आधीही तीन-चारशे होते आणि तेवढेच राहिले. जवळजवळ सर्वांवर शस्त्रक्रिया झाली. ग्रंथी पूर्ण काढली की थायरॉक्सिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते. त्याशिवाय शस्त्रक्रिया झालेल्या शंभरांतल्या सुमारे ११ जणांच्या शेजारच्या, रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी निकामी झाल्या आणि सुमारे दोघांच्या स्वरतंतूंना लुळेपणा आला. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीरपणे हा प्रश्न मांडला. पुढच्या वर्षभरात शस्त्रक्रिया सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्या.

जपाननेही असाच धडा घेतला. १९८०च्या दशकात तिथे सहा महिन्यांच्या बाळांची लघवी न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या चेतापेशींच्या कॅन्सरसाठी तपासणे देशभर सुरू झाले. रुग्ण वाढले. पण कॅनडा आणि जर्मनीतल्या अभ्यासांत अशा तपासणीने मृत्यू कमी होत नसल्याचे दिसले आणि जपानने तो कार्यक्रम थांबवला.

म्हणजे तपासणी वाईट का? मुळीच नाही. फक्त तिचा कस जगण्याच्या प्रमाणावर नव्हे, मृत्युदरावर लावायचा. अमेरिकेत ५३,४५४ जुन्या, जबर धूम्रपान करणाऱ्यांवर चाचणी झाली. कमी मात्रेच्या सीटी स्कॅनच्या गटात छातीच्या एक्स-रेच्या गटापेक्षा फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. हा खरा फायदा. गर्भाशयमुखाच्या आणि मोठ्या आतड्याच्या तपासणीत तर कॅन्सर होण्याआधीचाच बदल किंवा पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची लहान गाठ) सापडतो आणि काढून टाकता येतो, त्यामुळे तिथे नवे रुग्णसुद्धा कमी होतात.

एखाद्या देशाचा आलेख समोर आला तर तीन रेषा एकत्र पाहा: नवे रुग्ण, मृत्यू, आणि पसरलेल्या अवस्थेत सापडणारे रुग्ण. नवे रुग्ण चढले आणि बाकी दोन्ही सपाट राहिले, तर अतिनिदानाची दाट शंका घ्या. पसरलेल्या अवस्थेतले रुग्ण आणि मृत्यू दोन्ही उतरले, तर तपासणी कामी येते आहे. नवे रुग्ण सपाट आणि मृत्यू खाली, तर उपचार सुधारले. सगळ्याच रेषा चढत असतील, तर आजार खरोखर वाढतो आहे.

प्रश्न: ज्या देशात दर कमी, तिथे कॅन्सर कमी असे म्हणता येईल का?

आधी तिथे मोजतात कसे ते पाहावे लागेल. रुग्णालयाची नोंद आणि लोकसंख्येची नोंद या वेगळ्या गोष्टी. मोठ्या रुग्णालयात कुठलेकुठले रुग्ण येतात, म्हणून तिथल्या नोंदीवरून दर काढता येत नाही, कारण भागायचे कशाने हेच ठरत नाही. त्यासाठी ठरावीक भूभागातल्या प्रत्येक रहिवाशाचा कॅन्सर टिपणारी नोंदणी लागते. डेन्मार्कने १९४२ मध्ये देशभर अशी नोंदणी सुरू केली. भारतातली पहिली मुंबईत १९६३ मध्ये सुरू झाली आणि ग्रामीण भागातली पहिली १९८७ मध्ये बार्शीला.

हे काम चिकाटीचे आहे. नोंदणीचे कर्मचारी रुग्णालये, पॅथॉलॉजी प्रयोगशाळा आणि मृत्यूच्या दाखल्यांची कार्यालये पालथी घालतात. चुका ठरलेल्या जागी होतात. एकच रुग्ण तीन ठिकाणी, नावाच्या तीन स्पेलिंगांनी नोंदला जातो आणि तीनदा मोजला जातो. बाहेरगावचा रुग्ण शहरातल्या नातेवाइकाचा पत्ता देतो आणि शहराचा दर विनाकारण वाढतो. मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून नुसते ‘हृदय व श्वसन बंद पडले’ असे लिहिले जाते. हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते, मूळ कॅन्सर मात्र नोंदीतून नाहीसा होतो. किंवा स्तनाचा कॅन्सर यकृतात पसरलेला असताना ‘यकृताचा कॅन्सर’ लिहितात आणि मृत्यू भलत्याच खात्यात जातो. दाखला भरणाऱ्या डॉक्टरांना विनंती आहे की मूळ अवयव जरूर लिहा.

नोंदणी किती विश्वासाची, हे दोन खुणांवरून कळते. किती रुग्णांचे निदान बायोप्सीसारख्या सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीने पक्के झाले, आणि किती जणांची नोंद फक्त मृत्यूच्या दाखल्यावरून झाली. दुसरा आकडा फार मोठा असेल तर जिवंतपणी बरेच रुग्ण निसटत आहेत.

भारताच्या २०१२-१६ च्या अहवालात पुरुषांमधला वयसमायोजित दर मिझोरममधल्या ऐझॉल जिल्ह्यात लाखामागे २६९.४ होता, उस्मानाबाद-बीडमध्ये ३९.५. एका देशात जवळजवळ सातपट अंतर! असे अंतर वाचताना त्यात धोका किती आणि निदानाची सोय किती, असे दोन्ही प्रश्न विचारावे लागतात. त्यासाठी मृत्यू आणि नवे रुग्ण यांचे गुणोत्तरही पाहतात. २०२२च्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी नवे रुग्ण आणि ९७ लाख मृत्यू झाले: गुणोत्तर ०.४९. भारतात सुमारे १४.१ लाख नवे रुग्ण आणि ९.१६ लाख मृत्यू: ०.६५. दर कमी असूनही गुणोत्तर मोठे असणे हे उशिरा निदान, अपुरे उपचार आणि कोणते कॅन्सर जास्त आढळतात याकडे बोट दाखवते. मात्र ‘शंभरात ६५ मरतात’ असा त्याचा अर्थ लावू नका. या वर्षी दगावलेले बरेचसे आधीच्या वर्षांतले रुग्ण असतात.

प्रश्न: तरुणांत आतड्याचा कॅन्सर वाढतोय म्हणतात. घाबरण्यासारखे आहे का?

वाढ खरी आहे. अमेरिकेत १९९०च्या आसपास जन्मलेल्यांना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका, १९५०च्या आसपास जन्मलेल्यांना त्याच वयात होता त्याच्या दुप्पट आढळला, आणि गुदाशयाच्या कॅन्सरचा चौपट. म्हणूनच तिथे तपासणीचे वय २०२१ मध्ये ५० वरून ४५ वर आणले. पण ही पट मुळात लहान आकड्याची आहे, तरुणपणी हा कॅन्सर आजही विरळच. घाबरू नका, पण शौचावाटे रक्त जाणे मूळव्याध म्हणून अंगावर काढू नका. शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहिली, किंवा कारण न कळता रक्तातले लोह कमी झाले, तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: ताज्या वर्षाचा दर एकदम खाली आलेला दिसतो. आनंदाची बातमी?

थांबा. उशिरा पोहोचणाऱ्या नोंदी नंतर जमा होतात आणि शेवटच्या एक-दोन वर्षांचे आकडे पुढच्या अहवालात वर सरकतात. २०२० चा खड्डा तर सरळ कोविडचा आहे. तपासण्या बंद होत्या, म्हणून निदान झाले नाही. कल काढताना ते वर्ष वेगळे ठेवा.

प्रश्न: हे आकडे स्वतः पाहायचे तर कुठे आणि कसे?

फ्रान्समधल्या ल्यों शहरात असलेल्या, कॅन्सर संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची ‘ग्लोबल कॅन्सर ऑब्झर्व्हेटरी’ विनाशुल्क उघडी आहे. ताज्या अंदाजांसाठी ‘कॅन्सर टुडे’ आणि जुन्या कलासाठी ‘कॅन्सर ओव्हर टाइम’ हे विभाग पाहा. ‘सर्व कॅन्सर’ न निवडता एकच कॅन्सर निवडा. स्त्री-पुरुष वेगळे ठेवा. आकड्यांऐवजी वयसमायोजित दर निवडा आणि नवे रुग्ण व मृत्यू एकाच आलेखावर घ्या. ‘कॅन्सर टुमॉरो’मधले भविष्य वाचताना एक अट लक्षात असू द्या: २०५० मध्ये साडेतीन कोटी नवे रुग्ण होतील हा अंदाज, आजचे दर तसेच राहतील असे धरून, फक्त लोकसंख्येची वाढ आणि वाढते वय यांवर काढलेला आहे.